अर्लीनच्या हातातलं हो-नाही

अर्लीन हाफमून सकाळी उठली की आधी अंगणात उभी राहून खाली दरीतल्या घरांचा धूर बघायची. सरळ वर गेला तर ठीक. मधेच आडवा पसरला, की समजायचं, दरीतल्या थंड हवेवर उबदार हवेचं झाकण बसलंय, धूर खालीच कोंडणार. मग हपिसात जाऊन यंत्रातले आकडे ताडून ती शेतकऱ्यांना सांगायची, आज गव्हाची धसकटं पेटवायची की नाही.

अमेरिकेतल्या त्या राज्याचा हवा स्वच्छ राखायचा आराखडा अर्लीनच्या आदिवासी जमातीच्या हद्दीशी थांबायचा. हद्दीच्या आत केंद्र सरकारचा चालायचा. परवानगी लांबच्या शहरातून यायची. सात वर्षं खेटे घालून जमातीनं यंदा स्वतःचा आराखडा मंजूर करून घेतला. पहिल्याच हंगामात गाव धुरानं कोंडलं, तर तो हक्क केंद्राकडे परत जाणार, हे अर्लीनला पक्कं ठाऊक होतं.

आणि झाकण तीन दिवस हललं नाही. तिसऱ्या दिवशी तिचा धाकटा भाऊ थर्मन हपिसात आला, टेबलावर टोपी आपटून बसला.

"आक्का, पाऊस तोंडावर आलाय. भिजलेलं धसकट पेटतंय व्हय?"

"न्हाई म्हणजे न्हाई."

"शहरातल्या सायबाला निदान शिव्या तरी घालता येत व्हत्या. तुला घातल्या तर आई कबरीतनं उठंल!"

"जा, पेटव. आपल्या कायद्यातला पयला दंड सख्ख्या भावाला. चांगल्या अक्षरात लिहिते."

"लोक हसतील की गं!"

"ते आत्ताच हसत्यात."

चौथ्या दिवशी दुपारी धूर सरळ गेला. एक ते चार, एवढीच सवड. सगळ्यांना एकदम पेटवायला सोडलं, तर धूर मावणार नव्हता. अर्लीननं एकेकाला फोन लावला. 'बघा, ही भावालाच आधी सोडणार,' असं चारचौघांत बोललेला, हद्दीतच शेती करणारा गोरा शेतकरी पहिला. थर्मन अकरावा, म्हणजे शेवटचा. त्याचा नंबर लागेतो तीन वाजले.

चारला ती स्वतः त्याच्या बांधावर हजर. अर्धं रान काळं, अर्धं पिवळं.

"इझव."

"अर्ध्यातच? हजामत अर्धी सोडल्यागत दिसतंय!"

"दिसू दे."

"मला आधी सांगितलं असतंस तर?"

"तर उद्यापास्नं सांगायला मी नसते."

थर्मन बाजूला थुंकला, फावडं उचललं. अर्लीननं गाडीतनं दुसरं काढलं, आणि दोघं निखाऱ्यांवर माती ओढू लागली.

"उद्या तरी?"

"सकाळी फोन कर. सगळ्यांसारखा."