नानाकाकांनी सरळ केलेले बाबा

नानाकाकांनी आपल्याकडे पाहिलं की आपण नेमके कुठून कापले जाणार आहोत ते कळायचं. एक डोळा बारीक व्हायचा आणि नजर डोक्यावरून कानांवर, कानांवरून खांद्यांवर उतरायची. वर्षाने भेटलेल्या पुतण्याला लोक खुशाली विचारतात. काका म्हणायचे, "केस मागे घे, कान दिसू देत."

दादरच्या एका फोटोच्या दुकानात संगणकासमोर बसून त्यांची नोकरी संपली आणि मग नायगावच्या आमच्या अख्ख्या चाळीचे फोटो त्यांच्या लॅपटॉपवर यायला लागले. पासपोर्टला दोन्ही कान हवेत. स्थळासाठी पाठवायच्या फोटोत हात दिसलेच पाहिजेत, समोरचे लोक बोटं बघतात. व्हॉट्सॲपच्या गोलासाठी डोक्याभोवती जागा सोडायची, नाहीतर माणूस डब्यात कोंबल्यासारखा दिसतो. "कापणं कुणालाही जमतं रे, ठेवायचं काय ते कळायला हवं," असं ते मला नेहमी ऐकवत. माझ्या लग्नाच्या वेळी त्यांनी माझा जो फोटो कापला, त्यात पोट हा अवयवच नव्हता. पुढे सासऱ्यांनी मला प्रत्यक्ष वरून खालपर्यंत पाहिलं. मग म्हणाले, "फोटोत तुम्ही जरा लवकर संपला होतात."

कापण्यापेक्षाही सरळ करण्याचा त्यांना नाद होता. त्यात सगळ्यात जास्त सापडले ते त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे आमचे बाबा, चाळीचे तात्या. बाबांनी मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर, वाकून तुटलेले धागे बघण्यात जन्म काढला. त्यांची मान कायमची डावीकडे कललेली आणि त्या बाजूचा खांदा उतरलेला. काका अख्खा फोटो फिरवून ती मान उभी करायचे आणि त्यामुळे मागची भिंत कलली की तीही दिसू नये म्हणून अगदी चेहऱ्यालगत कापायचे. बाबा फोटो हातात घेऊन म्हणायचे, "नान्या, तू फोटोवालो नाय, गवंड्याचो ओळंबो आसस." भिंत सरळ उभी आहे का ते ओळंब्याने कळतं, म्हणून काकांना ती स्तुतीच वाटायची.

चाळ पाडायला घेतली तेव्हा आम्ही अँटॉप हिलला भाड्याच्या घरात गेलो. बाबांचं विसरणं तिथे वाढलं. एका सकाळी बायकोने त्यांना इन्सुलिनचं इंजेक्शन दिलं आणि ती पोहे आणायला आत वळली. मी दाढी करत होतो. ती बशी घेऊन बाहेर आली तेव्हा खुर्ची रिकामी आणि दार उघडं. मी अर्ध्या तोंडाला साबण तसाच ठेवून जिना उतरलो. रस्त्यावरची माणसं, हरवलेला म्हातारा मीच असल्यासारखी माझ्याकडे बघत होती.

इंजेक्शन घेऊन पोटात काही गेलं नाही तर साखर किती झपाट्याने उतरते, हे डॉक्टरांनी आम्हाला बजावून ठेवलं होतं. पोलीस चौकीत सगळ्यात आधी फोटो मागितला. काकांना फोन केला, तर त्यांनी काहीही न विचारता मिनिटाभरात फोटो धाडला. सरळ मान, दोन्ही कान, मागे स्वच्छ पांढरं. तो चाळीच्या ग्रुपवर गेला, तिथून पोराटोरांनी परळ, लालबाग, दादरपर्यंत पोहोचवला. चौकीतला हवालदार म्हणाला, असा स्पष्ट फोटो क्वचित मिळतो.

दुपार झाली. फोन वाजायचे ते "सापडले का" विचारणाऱ्यांचेच. काका आणि मी नायगावला जुन्या चाळीच्या जागेभोवती हिंडत होतो. सगळीकडे पत्रे ठोकलेले, आत मशिनचा आवाज. काकांनी सकाळपासून पाणीही घेतलं नव्हतं. मी घ्या म्हटलं, तर म्हणाले, "त्याने घेतलं असेल का?"

कोपऱ्यावरच्या वाण्याचं दुकान अजून उभं होतं. बाबा रोज सकाळी त्याच्या फळीला टेकून पेपर वाचायचे. काकांनी त्याच्यापुढे मोबाइल धरला. वाण्याने चष्मा वर केला, फोटो निरखला आणि आदराने विचारलं, "पाहुणे आहेत का तुमचे?"

काकांनी मोबाइल मागे घेतला. बाजूच्या पायरीवर बसले आणि भराभर जुने फोटो मागे सारायला लागले. वाणी माझ्या तोंडाकडे बघत होता. मी त्याला हे आमचे बाबा म्हणून सांगितलं, तेव्हा त्याने तोच फोटो माझ्या मोबाइलवर पाहिला आणि नाही म्हणून मान हलवली.

शेवटी एका लग्नातला फोटो निघाला. बाबा मांडवातून बाजूने चालत निघालेले, बगलेत छत्री, मान डावीकडे पडलेली, चेहरा जेमतेम अर्धा. मागे अर्धवट खुर्च्या आणि कुणाचं तरी कडेवरचं मूल. दुकानात असला फोटो कुणी आणला असता तर काकांनी परत पाठवला असता. त्यांचं बोट सवयीने फोटो फिरवायच्या खुणेवर गेलं. मग त्यांनी ते चटका बसल्यासारखं उचललं.

"दादाक मीच अनोळखी करून टाकलंय रे," ते म्हणाले आणि फोटो होता तसा, खुर्च्यांसकट ग्रुपवर पाठवून दिला.

मी माझा मोबाइल वाण्यापुढे धरला. वाण्याने तो फोटो पाहिला आणि म्हणाला, "अरे, हे तर आपले तात्या."

थोड्याच वेळात, नवा फोटो पाहून, परळहून एका बाईंचा फोन आला. हॉस्पिटलच्या भिंतीला लागून त्यांची चहाची टपरी. "हे बाबा माझ्या बाकड्यावर बसलेत," त्या म्हणाल्या. "मघाशी एक मुलगा फोटो घेऊन आला होता, पण तो कुणा साहेबांचा होता. मी नाही म्हटलं. तेव्हाही हे इथेच बसलेले."

टॅक्सीत काका पुढच्या सीटचा दांडा धरून बसले होते. बाईंनी बाबांचे हात थरथरताना पाहून त्यांना गोड चहा पाजला होता, वर बिस्किटंही दिली होती, हे आम्हाला तिथे पोहोचल्यावर कळलं. बाबांच्या कपाळावर घाम होता, पण डोळे उघडे होते. समोर जिथे मिलचं गेट होतं तिथे आता काचेची इमारत आहे. बाबा तिकडेच बघत होते.

काकांना पाहून त्यांनी छत्री बगलेत घेतली. "पाळी कधीची सुटली," ते रागावून म्हणाले. "खंय होतंस?"

काका त्यांच्या पुढ्यात खालीच बसले. "वाट चुकलंय, दादा."

त्यानंतर बाबा दीड-दोन वर्षं आमच्यात होते. ते गेल्यावर भिंतीवरचा फोटो काकांनीच करून आणला. तोच, मांडवातला. खुर्च्या आणि मूल त्यांनी काढलं, मानेला हात लावला नाही. मग गुडघ्यांनी दगा दिला तसे ते कायमचे गावी गेले. लॅपटॉप मला देऊन गेले. त्यावर मी फक्त पत्ते खेळतो.

घरी येणारे पाहुणे फोटोसमोर हात जोडतात, जरा थांबतात आणि हमखास हात पुढे करून फ्रेम उजवीकडे ढकलतात. परवा साडूंनी ढकलली. मी उठलो आणि ती पुन्हा होती तशी केली.

"अहो, आता वाकडे दिसताहेत," साडू म्हणाले.

"हो," मी म्हटलं. "तेच आमचे बाबा."