खंडेनवमीला पुसलेला कॉम्प्युटर

मी गुरम्मा. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कडा शिवते, आन् माजं तोंड फटकळ हाय, हे आदीच सांगते. चंद्रिका माज्या भावाची लेक. टेक्स्टाईल डिझाईनच्या डिप्लोम्याला गावाकडनं माज्याकडं आली, त्याला तीन वर्सं झाली. लई गुणाची. दिसंल त्यात नक्षी बघती. भाकरीवरच्या डागाकडं बी टक लावून बसती, आन् भाकरी गार हुती.

यंदा तिचं शेवटचं वर्स. तीन म्हयने खपून कॉम्प्युटरवर चादरीचं डिझाईन केलेलं. दसऱ्यानंतर चार दिसांत कॉलेजात द्यायचं, न्हाय दिलं तर वर्स बुडालं.

खंडेनवमीला आमच्यात हत्यारांची पूजा. कारखान्यात माग बंद, घरात माजी शिलाई मशीन, विळी, कातरी समदं पुसून मांडायचं. चंद्रिका झेंडू आणाया गेली हुती. म्हटलं, पोरीचं पोट ज्याच्यावर चालायचं, त्या कॉम्प्युटरलाच कशाला सोडायचं? पडदा काळाच हुता, म्हटलं बंदच हाय. वायर उपसली, वल्ल्या फडक्यानं पुसला, हळद-कुंकू लावलं आन् वायर परत खोवली.

पोरगी आली, कॉम्प्युटर लावला, आन् तोंड उतरलं तिचं. फाइल उघडंना. त्यातच खोवलेल्या पेन ड्राइव्हवरची बी उघडंना. मी इचारलं, तर म्हणाली सॉफ्टवेअर बिघडलं. मग मी ते सॉफ्टवेअर करणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

तिचा फोनवर एक ग्रुप हाय. तेच शिकणारी चार पोरं, कुणी बार्शीचं, कुणी इचलकरंजीचं. एकमेकांना कदी भेटलेली न्हाईत. तासाभरात ही त्यांच्याशी खिदळाया लागली. बार्शीच्या अपेक्षानं लिवलं, फाइल सोनं लुटाया गेली असंल, दसरा झाला की यील. इचलकरंजीच्या विरेशनं कॉम्प्युटरला हार घातलेला फोटो करून खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिवलं. तेराव्याला गोड काय करायचं, ते बी ठरलं. माजं डोस्कं फिरलं. वर्स बुडाया लागलंय आन् दात कसले काढतीस, म्हणून वराडले तिच्यावर.

"रडून झालं आत्या, न्हाणीत," ती म्हणाली.



तिनं मधनंमधनं त्या पोरांना डिझाईनचे फोटो दाखवलेले. एकाकडं फुल, एकाकडं काठ. समद्यांनी शोधून पाठवलं, आन् त्यावरनं ही परत काढाया बसली. कामाच्या वक्ताला फोन स्पीकरवर, काम बी चालू आन् चेष्टा बी. चौथ्या दिशी मी मागं लसूण सोलत हुते. विरेश म्हणाला, असं आपोआप होत न्हाय, फाइल सेव्ह हुताना वायर कुणी काढली खरं सांग.

"कुणी न्हाय रे," चंद्रिका म्हणाली. "लाईट गेली हुती."

खंडेनवमीला लाईट कुटं गेलेली? दिसभर मिक्सर फिरवला हुता मी. लसूण तसाच ऱ्हायला हातात. फोन बंद झाल्यावर तिच्याजवळ गेले.

"वायर मी काढली गं."

"ठावं हाय की. कुंकू दिसलं मला."

"मग बोलली का न्हाईस?"

"बोलले असते तर तू परत त्याला हात लावला नसतास."

आन् खुर्चीत सरकून तिनं मला जागा केली. डिझाईन पुरं झालं हुतं. सेव्हचं बटण कुटलं ते दाखवून म्हणाली, दाब. बोटाला लसणाचा वास, डोळ्याला धार, पर मी दाबलं.