फायबरच्या होडीला मुंग्या

दोन ट्रॉल्या, एक कडबाकुट्टी आणि फायबरच्या पाच होड्या मी या हातांनी बनवल्यात, मित्रांनो. कुणी शिकवलं न्हाय.

त्यातली सगळ्यात जुनी होडी मासेमारी करणाऱ्या रफीकभाईंची. आज सकाळी तलावाच्या मधोमध ती पाण्यानं भरली. होडीत रफीकभाईंसोबत त्यांची लेक होती. दोघं पोहून कसेबसे वाचले.

"म्हातारी होडी, फुटणारच," तलावाच्या ठेकेदाराचा माणूस म्हणाला. रफीकभाईंनी ठेकेदाराला स्वस्तात मासळी द्यायला नकार दिलाय.

होडी उपडी घातली. चीर कुठंच दिसेना. दुपारी तळावर एकाच जागी मुंग्या लागल्या. तिथला चिखल खरवडला, तर सहा मिलिमीटरचं गोल भोक आणि कडेला गूळ! चीर कधी गोल नसते. ड्रिलनं भोक पाडून गुळानं बुजवलेलं, पाण्यात विरघळेल असं.

"गूळ तूच भरलास का रं?" मी त्या माणसाला विचारलं.

"लई शहाणा झालास व्हय?" म्हणत त्यानं वल्हं माझ्या डोक्यात घातलं. रफीकभाईंनी त्याला चिखलात पाडून तोंड फोडलं. रक्ताळल्या डोक्यानं मीच त्याला सोडवला, नाहीतर मेला असता.

चार टाके घालून आलो. भोकासकट तुकडा कापून काढला, कडा घासल्या, फायबरच्या मॅटचे तीन थर चिकट रेझिनमध्ये बसवले. आता थेंब झिरपत न्हाय.

तुकडा उद्या पोलिसांत देणार. तो तलावात फेकायला संध्याकाळी ठेकेदारानं पन्नास हजार देऊ केले. मी नाही म्हणालो. तुम्ही काय केलं असतं?