कोऱ्या पट्टीचा मोगरा

सांगलीहून निघताना माझ्या पिशवीत कपड्यांखाली चार छोट्या डब्या होत्या: लवंग, लिंबाची साल, गुलाबपाकळी आणि निलगिरीचं पान. सकाळ-संध्याकाळ हुंगत जा, हळूहळू नाक शिकेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. वर्षभर हुंगतेय. चौथीतलं ढ पोरही एवढ्यात काहीतरी शिकलं असतं.

दोन वर्षांपूर्वी मला ताप आला. चौथ्या दिवशी तो उतरला आणि जाताना वास घेऊन गेला. बाकी हातपाय, डोळे, कान सगळं जागच्या जागी, त्यामुळे बघणाऱ्याला काही कळत नाही. आणि मी सांगतही नाही, कारण माझा धंदा उटण्याचा. नागरमोथा, कपूरकाचरी, वाळा, गव्हला, आंबेहळद हे सगळं मी स्वतः दळते आणि मिसळते, आणि प्रमाण कुठेही लिहिलेलं नाही. ते माझ्या नाकात होतं. नाक गेल्यावरही दोन दिवाळ्या मी आठवणीवर उटणं केलं. पहिल्या वर्षी कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या वर्षी एक जुन्या काकू डबा परत द्यायला आल्या आणि म्हणाल्या, "अनघा, यंदा कुबट लागतंय गं." मी पावसाळी हवेवर ढकललं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

आणखी एक गोष्ट लिहायची की नाही याचा मी बराच विचार केला. लिहिते. प्रकाश, माझा नवरा, याच्याशी लग्न झालं तेव्हा मला त्याचं काय आवडलं असं कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. त्याच्या कानामागे, मानेजवळ एक वास असायचा. पंचवीस वर्षं मी रात्री त्या वासाकडे वळत होते. आता मी वळते तेव्हा तिथे नुसती कातडी असते. तो अजूनही हात पुढे करतो आणि मला भिंतीजवळ झोपल्यासारखं वाटतं. त्याला हे कळतं, पण तो काही बोलत नाही.

म्हणून मी बेंगळुरूला निघाले. तिथे आनेकलजवळ एक बाई घरीच फुलांचे अर्क आणि तेलं काढतात आणि दोन दिवसांचा वर्ग घेतात, असं वाचलं होतं. 'सुगंध, स्पर्श आणि सजग जगणं' असं त्या वर्गाचं नाव. एरवी असली नावं वाचून मी हसले असते. बुडत्याला काडीचा आधार, दुसरं काय.

बेंगळुरूला उतरलं की आधी नाकालाच कळतं, कॉफी, उदबत्ती, मोगरा, असं आजवर प्रत्येकाने सांगितलं होतं. मी उतरले तेव्हा मला हवा थंड आहे एवढं कळलं. बाकी फलक, रिक्षा आणि माणसं.

मुक्काम बसवनगुडीत, सासूबाईंच्या मावसबहिणीकडे. त्यांना सगळे सिंधूअक्का म्हणतात. वय सत्तरीचं, घराणं शहाजीराजांबरोबर इकडे आलेलं. मराठी बोलतात ती आपलीच, पण मध्येच कन्नड दाराआडून डोकावतं.

"ये ग ये. स्वल्प (थोडं) दम घे. कॉफी ठेवलीय, सरी (बरं)?"

कॉफी पितळी पेल्यात आली, वर फेस. सिंधूअक्का माझ्या तोंडाकडे बघत बसल्या. मला गरम, कडू आणि गोड एवढंच लागलं. "काय वास आहे हो!" असं मी म्हणाले. हे वाक्य दोन वर्षांत माझं अगदी तोंडपाठ झालं आहे.

संध्याकाळी त्या मला गांधी बाजारात घेऊन गेल्या. फुलवाल्या बायका ओळीने बसलेल्या. इथे गजरा मोळाने (हाताच्या कोपरापासून बोटांपर्यंतच्या मापाने) विकतात. फुलवाली स्वतःच्या हातावर गजरा ताणून मोजते, त्यामुळे लांब हाताची बाई बघून घ्यावी, असं अक्कांनी हळूच सांगितलं. मल्लिगे (मोगरा), संपिगे (सोनचाफा), मरुगा (मरवा) यांचे ढीग होते. अक्कांनी दोन मोळ मोगरा घेतला आणि तिथेच माझ्या केसांत माळला. फुलं मानेला गार लागली. आजूबाजूच्या बायका आपापल्या गजऱ्यासह बाजार करत होत्या आणि मला त्या सगळ्यांचा, खरं सांगते, राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मार्केटवरून आनेकलची बस धरली. कंडक्टर "मुंदे होगी, मुंदे होगी (पुढे सरका)" म्हणत आम्हाला कोंबत होता. इलेक्ट्रॉनिक सिटीपर्यंत बस उड्डाणपुलाखालून रांगते; वरून ज्यांना घाई आहे ते जातात. पुढे कारखान्यात जाणाऱ्या बायका उतरत गेल्या आणि मी घाबरून त्यांच्याबरोबर एक थांबा आधीच उतरले. उरलेली वाट नाचणीच्या शेतांमधून चालत गेले. लाल माती, नारळ, मध्येच नव्या प्लॉटांचे पिवळे दगड. दिसायला फार सुंदर होतं.

वर्ग घेणाऱ्या रेवतीबाई निघाल्या पुण्याच्या. बारा वर्षं संगणकाच्या कंपनीत काढून मग हे घर घेतलेलं. वर्गात आणखी पाच मुली, सगळ्या ऑफिसांतून सुट्टी काढून आलेल्या.

"अय्या, सांगलीच्या तुम्ही? मस्तच! मला मराठी बोलायला कुणीतरी मिळालं, नाहीतर दिवसभर हिंदी-इंग्लिश," रेवतीबाई म्हणाल्या. "अनघाताई, तुम्हाला इझी जाईल बघा. तुमचं तर प्रोफेशनल नाक."

तिथेच सांगायला हवं होतं. मी हसले.

मागच्या पडवीत तांब्याचं मोठं भांडं चुलीवर होतं. त्यात दवणा भरलेला. खालून वाफ पानांतून वर जाते, नळीतून उतरते, गार होते आणि बाटलीत थेंब थेंब पाणी पडतं. त्या पाण्यावर तेलाचा बारीकसा तवंग. पोतंभर पाल्यातून निघतं ते चमचाभर. मुली डोळे मिटून "वॉव" म्हणत होत्या. मी तो तवंग बघत राहिले.

मग तेल. तिळाचं तेल कोमट करून तळहातावर घ्यायचं आणि स्वतःच्याच हाताला, खांद्यापर्यंत, अगदी सावकाश लावायचं. "आपण अंघोळ पण मोबाईलचा विचार करत करतो. आज जरा स्वतःच्या बॉडीला भेटा," रेवतीबाई म्हणाल्या. मला आतून हसू येत होतं, आणि मग एकदम थांबलं. कोपराच्या आतल्या बाजूला माझाच हात फिरला आणि अंगावर काटा आला. म्हणजे इथे अजून कुणीतरी राहत होतं. त्या क्षणी मला प्रकाश हवासा वाटला, दोन वर्षांत पहिल्यांदा, आणि पडवीत सहा बायकांमध्ये बसून माझे कान तापले.

त्यानंतर मोगरा. रेवतीबाईंनी कागदाची पट्टी मोगऱ्याच्या अर्कात बुडवून एकेकीला दिली. मी ती नाकाखाली धरली आणि आला. फार लांबून, पलीकडच्या घरात कुणी गजरा सोडवत असल्यासारखा, पण आला. मी पट्टी खाली केली, पुन्हा वर नेली. आला. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मुलींना वाटलं मी फारच तल्लीन झाले आहे.

आनेकलच्या बसस्टँडवरून प्रकाशला फोन लावला.

"मोगरा आला," मी म्हणाले.

"काय?"

"मोगऱ्याचा वास. मला आला."

पलीकडून त्याने नाक ओढल्याचा आवाज. "खरंच ना गं?" तो म्हणाला. "मी काही बोलत नव्हतो, अनघा, पण मला वाटायचं तुला मीच नकोसा झालोय." मी त्याला वेडा म्हणाले. तो हसला आणि लवकर ये म्हणाला. परतीच्या बसमध्ये मी उभी होते तरी मला बसायला जागा हवी असं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी परीक्षा. डोळ्यांवर रुमाल, हातात एकामागून एक चार पट्ट्या, नावं मोठ्याने सांगायची. पहिल्या तीन पट्ट्यांना मी अंदाजाने गवती चहा, चंदन, दवणा म्हणाले. चौथी पट्टी नाकाखाली आली आणि मला शंका उरली नाही.

"मोगरा," मी म्हणाले. "काल दिला त्यापेक्षा चांगला. यात दुसरं काही मिसळलेलं नाही."

रुमाल सोडला तेव्हा रेवतीबाई चहाचं बघायला आत गेल्या होत्या.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला फणसाच्या झाडाखाली बोलावलं. "ताई, रागावू नका. चौथी पट्टी कोरी होती."

मी हातातलं ताट खाली ठेवलं.

"आम्ही दर टेस्टला एक कोरी ठेवतोच. मनाला आवडेल ते नाक शोधून काढतं हो, म्हणून. पण बाकीच्या तीन पण..." त्यांनी वाक्य तिथेच सोडलं. "किती दिवस झाले?"

"दोन वर्षं."

"मला आधी सांगायचं ना."

"सांगितलं असतं तर तुम्ही घेतलं असतं मला?"

"नसतं घेतलं," त्या म्हणाल्या. मग जे आहे ते स्वीकारण्याबद्दल काहीतरी बोलायला लागल्या, माझ्याकडे बघून थांबल्या आणि माझा हात हातात घेऊन बसल्या. बाई वाईट नव्हती. वाईट असती तर मला बरं पडलं असतं, चार शिव्या तरी देता आल्या असत्या. काल आलेला मोगराही खरा नव्हता, हे मला त्या झाडाखाली बसल्या बसल्या कळलं. मला पट्टीवर काय आहे ते आधीच माहीत होतं, केसांत गजरा होता आणि पोटात एवढी मोठी इच्छा होती. बाकीचं मी स्वतःच तयार केलं. मिसळण्यात माझा हात धरणारं कुणी नाही, असं सांगलीत लोक म्हणतात ते उगीच नाही.

संध्याकाळी सिंधूअक्कांनी वाटेसाठी दहीभात बांधून दिला. माझं तोंड बघून त्या "परत ये ग, स्वल्प जास्त दिवस ये" एवढंच म्हणाल्या.

सकाळी जाग आली तेव्हा गाडी घटप्रभेच्या पुढे उसाच्या शेतांतून चालली होती. समोरच्या बाकावर हुबळीला चढलेली एक तरुण मुलगी होती, मांडीवर पाच-सहा महिन्यांचं बाळ. रायबागच्या माहेरी चालली होती आणि आमच्याकडचं मराठी बोलत होती. तोंड धुऊन येते म्हणून तिने बाळ माझ्याकडे दिलं. कुणीही बाई करेल तेच मी केलं, त्याच्या टाळूवर नाक ठेवलं. मऊ जावळ लागलं आणि पुढे काही नाही. मी तशीच बसून राहिले. ती परत आली.

"त्रास नाही ना दिला, मावशी?"

"छे गं. काय गोड वास आहे याला," मी म्हणाले.

तिने बाळ उचललं आणि तिचं नाक आक्रसलं. "अगंबाई! ह्यानं तर घाण केलीया की! आन् तुमी तशाच बसलाय?"

माझ्या साडीलाही लागलं होतं. ती ओशाळून पुसायला लागली आणि मी तिला सांगून टाकलं, "मला वास येत नाही. दोन वर्षं झाली." नवरा आणि डॉक्टर सोडून आपणहून कुणाला सांगितलेली ती पहिली. "कसलाच?" तिने विचारलं. कसलाच नाही, मी म्हणाले. तिने बाळाला छातीशी जरा घट्ट धरलं आणि आम्ही रायबागपर्यंत फारसं बोललो नाही.

प्रवासाने माणूस काहीतरी घेऊन परततो, असं अशा लेखांच्या शेवटी लिहिण्याची पद्धत आहे. मी खिडकीशी बसून शोधत होते. शहर चांगलं, माणसं मायाळू, हवा तर विचारू नये. पण जाताना माझ्याकडे एक शक्यता होती आणि येताना ती नव्हती. उटणं बंद करावं लागणार. चार डब्या कुडचीच्या पुलावरून कृष्णेत टाकाव्यात असं मनात आलं, पण खिडकीला जाळी होती.

मिरजेच्या फलाटावर प्रकाश आला होता. सकाळी सहाला अंघोळ करून परीटघडीचे कपडे घालणारा माणूस, पण आज दाढी वाढलेली, अंगात चुरगळलेला शर्ट, काखेत घामाचे डाग. मला वाटलं घरी काही झालं. त्याने माझ्या हातातली पिशवी घेतली आणि फलाटावर कधी राहत नाही इतका जवळ उभा राहिला, मान थोडी वाकवून.

"परवा तुझा फोन झाल्यापासून अंघोळ नाही केली," तो हळूच म्हणाला. "साबण नाही, पावडर नाही. नुसता मीच आहे."

त्याचे कान लाल झाले होते. मी नाक त्याच्या मानेजवळ नेलं. खोटं बोलणं फार सोपं होतं, सवयीचं होतं.

"प्रकाश, तो मोगरा नव्हता," मी म्हणाले. "कोऱ्या कागदालाही तोच वास आला."

तो थोडा वेळ तसाच वाकून उभा राहिला. मग सरळ झाला, मागे सरकला आणि शर्टाचं वरचं बटण लावलं.

"बरं," तो म्हणाला. "मग घरी गेल्यावर आधी अंघोळ करतो."