नो म्हणजे हो

पोलंडच्या सोस्नुव्का गावात 'नो' म्हणजे हो. पाव भाजला? नो. गाय व्याली? नो. शाळेत, सभेत नीट हो म्हणायला दुसरा शब्द आहे, पण घरादारात हाच. झेनेक कुर्पेव्स्कीच्या तोंडात तर तो इतका मुरलेला, की लग्नात पाद्र्यानं विचारलं तेव्हाही तो "नो" म्हणून मोकळा झाला. बायको अजून टोमणा मारते, "चर्चमध्ये तरी जीभ सांभाळायचीस रे."

झेनेक जन्मभर जंगलातल्या लष्करी मैदानावर राबला. म्हातारपणी तो टेहळणीच्या मनोऱ्यावर बसे. धाकटा भाऊ कायेतान तिथलाच सुतार, लाकडी रणगाडे करून लक्ष्य म्हणून उभे करणारा. आई गेल्यावर झेनेकनंच त्याला वाढवलं, बडवलं आणि कामालाही लावलं.

त्या वर्षी युरोपभरचे संरक्षणमंत्री तिथे सराव बघायला येणार होते. बैठकांमागून बैठका घेऊन त्यांनी ठरवलं होतं, की एका देशाचा गोळा दुसऱ्याच्या तोफेत बसला पाहिजे. तो बसलाही. कोणाचा शब्द कोणाच्या कानात बसतो, हे बघायला मात्र एकालाही सवड झाली नाही. पाहुण्या तुकडीचा कॅप्टन बिचारा सज्जन, पण इंग्रजीपलीकडे त्याला काही येत नव्हतं. 'हो म्हणायचं तर येसच म्हणा,' असं मनोऱ्यावरच्यांना बजावलं होतं. झेनेकनं मान डोलावली होती आणि तो म्हणाला होता, "नो."

मंत्री यायच्या सकाळी वाऱ्यानं एक लाकडी रणगाडा आडवा पडला.

"जा, उभा कर," झेनेक म्हणाला.

"मंत्र्यांना उभाच हवा का?" कायेताननं हातोडा उचलला. "खरा असता तर आडवा बघायला आले असते."

"तोंड आवर आणि पळ."

दुर्बिणीतून त्याची वाकलेली पाठ दिसत होती. झेनेक चरबी लावलेला पाव चावत होता, तेवढ्यात तालमीचा मारा सुरू करण्याआधी रेडिओवर कॅप्टननं इंग्रजीत विचारलं, "लक्ष्यापाशी कोणी आहे का?"

"नो, नो," झेनेक भरल्या तोंडानं म्हणाला आणि चहा ओतायला वळला.

पहिल्या गोळ्यानं रणगाड्याच्या चिंधड्या केल्या. झेनेक रेडिओत पोलिशमध्ये किंचाळला. ते कोणाला कळायच्या आत दुसरा गोळा पडला आणि कायेतान होता तिथे नुसता खड्डा उरला.

जिना कसा उतरला, हे त्याला पुढे कधी आठवलं नाही. खड्ड्याकाठी एक बूट पडला होता आणि तो रिकामा नव्हता. माती गरम होती. तो मनोऱ्याखालून आणलेल्या फावड्यानं उपसू लागला. कॅप्टन जीपमधून धावत आला, गुडघे टेकून हातांनी माती ओढू लागला. झेनेकनं फावडं उलटं धरून त्याच्या तोंडावर हाणलं. दात फुटून मातीत पडले. परत हाणलं. तो कोसळला तेव्हा तिसऱ्यांदा उगारलं.

"मी विचारलं होतं," कॅप्टन रक्त थुंकत म्हणाला. "तू नो म्हणालास. दोनदा."

फावडं वरच राहिलं. मग हातातून गळून पडलं. मारायचंच होतं तर कोणाला, हे त्याला आत्ता कळलं होतं.

मातीखालून कण्हणं आलं. दोघं मिळून नखांनी उकरू लागले. चेहरा निघाला, छाती निघाली. मांड्यांच्या खाली काही नव्हतं. कॅप्टननं पट्टा काढून आवळला, तरी रक्त थांबेना. झेनेकनं भावाचं डोकं मांडीवर घेतलं.

"कायेतान, मी आहे. ओळखलंस?"

"नो."

"माझ्यामुळे झालं रे. मी चुकीचं बोललो. रागावलास माझ्यावर?"

कायेताननं डोळे उघडून त्याच्याकडे नीट पाहिलं.

"नो," तो म्हणाला. त्यानंतर तो बोलला नाही. गाडी येईपर्यंत त्याचा हात गार पडला होता.

कॅप्टनचा जबडा सुजून आला होता, तरी तो शेजारी बसला. "काय विचारलंस त्याला?"

झेनेकनं मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं.

कॅप्टनचे डोळे भरले. त्यानं रक्ताळलेला हात झेनेकच्या खांद्यावर ठेवला. "मग ऐकलंस ना? तो नो म्हणाला. त्यानं तुला माफ केलं."

सोस्नुव्कात नो म्हणजे काय, हे झेनेकनं त्याला सांगितलं नाही.