सरपंच कट्ट्यावर आलंय

या ग्रुपवरचे अनुभव मी रात्री जेवण झाल्यावर वाचतो, आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा हसतो. चिंचेखालची बाई, घाटात लिफ्ट मागणारा माणूस... बायको म्हणायची, तुमच्यावर वेळ आली म्हणजे कळेल. आली. म्हणून लिहितोय. तुम्हाला हसायचं असेल तर हसा, माझी काही हरकत नाही. मी कमी हसलेलो नाही.

माझं कोल्हापुरात टू-व्हीलरच्या बॅटऱ्यांचं दुकान आहे. बॅटरी जिवंत आहे की गेली, हे गिऱ्हाईक काहीही म्हणो, मीटर सांगतो. काटा हलला तर आहे, नाही हलला तर नाही. माझा सगळा देवधर्म एवढाच. आण्णा, म्हणजे माझे वडील, गेले तेव्हा दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. सगळी भावकी नदीकाठी हात जोडून उभी, जो तो आण्णांना काहीतरी वचन देतोय... आणि मी म्हटलं, त्याला भूक लागली की शिवेल, उन्हात कशाला उभे राहता. शेवटी माझी बायको स्मिता पुढे झाली आणि म्हणाली, "आण्णा, सरपंचाला आम्ही सांभाळू. काळजी करू नका." आणि कावळा शिवला. लगेच. मी आपला योगायोग म्हणून सोडून दिलं. अर्धी भावकी त्या दिवसापासून माझ्याशी धड बोलत नाही, ते वेगळं.

सरपंच म्हणजे आमचा कुत्रा. गावठी आणि लॅब्राडॉरच्या मधलं काहीतरी, डावा कान अर्धा — तरुणपणी मारामारीत गेलेला. आण्णांनी पिल्लू असताना उचलून आणला. आम्ही शुक्रवार पेठेत राहतो, तिथून गंगावेशीचा दुधाचा कट्टा जवळ. संध्याकाळी तिथे म्हशी बांधलेल्या असतात आणि गवळी तुमच्यासमोर ग्लासात धार काढून देतात, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. आण्णा रोज संध्याकाळी कुत्र्याला साखळी लावून तिथे जायचे. एक ग्लास स्वतःला आणि वरचा फेस कुत्र्याला, एका जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या ताटलीत. तो तिथे असा ऐटीत बसायचा, की तुकामामा गवळ्यांनी त्याचं नाव सरपंच पाडलं. परत निघताना आण्णा दोनच शब्द बोलायचे, "सरपंच, घराकडं." की हा उठून चालायला लागायचा.

आण्णा गेल्यावर मी ती साखळी वापरायची बंद केली. कारण साधं होतं. ती वाजली की सरपंच धावत दाराशी जाऊन बसायचा आणि वर बघायचा, आण्णा येतील म्हणून. मला ते बघवेना. मी नायलॉनचा पट्टा आणला, आता त्यानेच मी त्याला संध्याकाळी कट्ट्यावर नेतो, आणि साखळी दारामागच्या खिळ्याला अडकवून टाकली. त्याच खिळ्यावर माझा रेनकोट असतो, त्यामुळे ती दिसायचीही बंद झाली. साखळीचा हूक एकदा मोडला होता, तो आण्णांनी माझ्या दुकानातली तांब्याची तार गुंडाळून जोडला होता. हे लक्षात ठेवा.

आता त्या दिवसाचं.

दुपारी दुकानात स्मिताचा फोन आला. म्हणाली, "सरपंच सारखा ओकायला बघतोय, पण पडत काहीच नाही. आणि पोट बघा ना कसं झालंय त्याचं." मी म्हटलं ॲसिडिटी असेल, त्याचं वय काय कमी आहे. पण तिचा आवाज ऐकून शटर ओढलं आणि घरी आलो. तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभा होता, बसताही येत नव्हतं. पोट फुगून इतकं ताणलेलं, की बोट मारलं तर हलगीसारखं वाजत होतं. हिरड्या पांढऱ्या. तोंडातून लाळेच्या तारा. आणि एवढं असून मला बघून शेपूट हलवायला बघत होता.

त्याला चादरीत उचलून दुकानाच्या व्हॅनमध्ये मागे ठेवला. स्मिताने घराला कुलूप लावलं, किल्ली ब्लाउजमध्ये टाकली आणि त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. मुलगी पुण्याला नोकरीला, घरात आता आम्ही दोघंच असतो. म्हणजे मागे घरात कोणी नव्हतं. हेही लक्षात ठेवा.

दवाखाना पार दुसऱ्या टोकाला, उचगावच्या बाजूला. डॉक्टर मॅडमनी हात लावला आणि लगेच सांगितलं, "पोटाला पीळ बसलाय. आत्ता सुई घालून हवा काढते, पण पीळ ऑपरेशननेच सुटेल. वय झालंय त्याचं, टेबलावर काहीही होऊ शकतं. काय ते पटकन ठरवा." मी तोंड उघडायच्या आधी स्मिता म्हणाली, "करा."

ऑपरेशनच्या खोलीच्या दाराला छोटी काच होती. स्मिता बाहेर पायरीवर डोळे मिटून अंबाबाईचं नाव घेत बसली, मी काचेला नाक लावून उभा. आत तो एका अंगावर, जीभ बाहेर ओढलेली, नळ्या लावलेल्या. बाजूला मशीनवर हिरवी रेघ उड्या मारत होती. ती बघून मला जरा धीर आला. मीटरच तो, दुसरं काय... चालू आहे म्हणजे आहे.

बाहेर ऊन उतरलं होतं. तेवढ्यात फोन वाजला. तुकामामा.

"दादा, आवो सरपंच एकटंच आलंय की कट्ट्यावर. तुम्ही कुटं हाय?"

मला राग आला. "मामा, दुसरं कुत्रं असेल. सरपंच इथं दवाखान्यात आहे. ऑपरेशन चालू आहे त्याचं."

"मी काय आंधळा हाय व्हय? कान अर्धा हाय त्येचा. हितं त्येच्या जाग्यावर बसलंय न्हवं का. फेस घातला ताटलीत, पर तोंड लावलं न्हाय." मग जरा आवाज उतरवून म्हणाले, "आन दादा, म्हशीनं पान्हा चोरलाय. हे आल्यापास्नं एक धार दिली न्हाय तिनं. कान टवकारून त्येच्याकडंच बगत्या."

ती म्हैस सरपंचाला रोज बघते. त्याच्या अंगावर शेपटी मारून माश्या हाकलते, इतकी ओळख. मी काचेतून आत बघितलं. अर्ध्या कानाचं डोकं टेबलावर होतं, मला दिसत होतं. आणि फोनवर तुकामामा सांगत होते की ते त्यांच्यासमोर बसलंय. माझ्या मानेवरून काहीतरी थंड खाली गेलं. मी मीटरवाला माणूस, पण खोटं कशाला बोलू... काचेतून पुन्हा एकदा तो अर्धा कान बघून घेतला.

"उठलं," मामा म्हणाले. "निघालं."

"कुठं?"

"त्येच की. तुमचं घर हिकडं, आन ह्ये घाटाकडं चाललंय. नदीकडं. तिकडं कशाला आनि?"

पंचगंगेच्या त्या रस्त्याला घाट आहे आणि स्मशान आहे. आण्णांना आम्ही तिथेच नेलं होतं.

आणि त्याच वेळी आतल्या मशीनचा आवाज बदलला. टिकटिक थांबून एकच लांब सूर. मॅडमनी मान वर केली, काहीतरी बोलल्या, आणि दोन्ही हात त्याच्या छातीवर ठेवून दाबायला लागल्या. मदतनीस इंजेक्शन भरायला धावली. रेघ सरळ झाली होती. मी ती रेघ बघितली आणि फोन कानावर होता आणि मामा म्हणत होते, "लांब चाललंय बगा."

मी काय विचार केला ते आठवत नाही. विचार केलाच नाही. "मामा," म्हटलं, "फोन स्पीकरवर टाका. त्याच्या मागं जावा. आत्ता."

"आवो म्हस..."

"म्हस राहू दे. जावा."

त्यांच्या चपलांचा आवाज आला, धापा आल्या, गाड्यांचे हॉर्न आले. मग ते म्हणाले, "हां, बोला." आणि मी त्या दवाखान्यात, भिंतीकडे तोंड करून, जीव खाऊन ओरडलो. "सरपंच, घराकडं."

काहीच नाही. पुन्हा ओरडलो. स्मिता पायरीवरून उठून आत धावत आली. आत मॅडम दाबतच होत्या. मी तिसऱ्यांदा ओरडलो तेव्हा माझा आवाज फाटला होता, आणि शपथेवर सांगतो, तो मला माझा वाटला नाही. आण्णा म्हातारपणी बोलायचे तसा वाटला.

"थांबलं," मामा म्हणाले. एकदम हळू. "मागं बगतंय... माज्याकडं न्हाय. वर बगतंय. बाजूला."

मग फोनवर खळ्ळ असा आवाज आला. लोखंड फरशीवर पडल्यासारखा. आणि फोन कट झाला.

मी काचेकडे वळलो. मॅडमनी हात उचलून धरले होते आणि मशीनकडे बघत होत्या. रेघेने एक उडी मारली. मग थांबली. मग दुसरी मारली... आणि मग मारतच राहिली. स्मिताने माझा दंड इतका घट्ट धरला होता, की नखांचे वण उठले.

सरपंच वाचला. चार-पाच दिवसांनी घरी आणला, पोटाला टाके आणि गळ्यात ते प्लास्टिकचं नरसाळं. मॅडम म्हणाल्या, या वयात टेबलावर थांबलेलं हृदय परत सुरू झालेलं फार कमी वेळा बघितलंय. मी त्यांना फोनचं काही सांगितलं नाही. काय सांगणार होतो?

तो घरी आल्यावर एका संध्याकाळी मी किटली घेऊन कट्ट्यावर गेलो. मनात ठरवून गेलो होतो, की मामांना चांगलं झापायचं. अर्ध्या कानाचं भलतंच कुत्रं बघून माणसाला घाबरवता म्हणून. मामांनी माझ्याकडे बघितलं, धार काढायची थांबवली आणि बारदानाखालून काहीतरी काढून माझ्या हातात दिलं.

साखळी होती. हुकाला तांब्याची तार.

"ही पडली तितं रस्त्यावर," ते म्हणाले. "मी उचलाय वाकलो आन वर बगतोय तर सरपंच न्हाय. म्हटलं तुमच्या हाकंनं गेलं घरी पळत. मागनं कळलं, ते खरंच दवाखान्यात हुतं म्हणून."

मी ती तार बोटाने चाचपून बघितली. मामा म्हशीच्या पाठीवर हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "फोनवर एक बोललो न्हाय दादा. तुमी आदीच घाबरलाईसा. कुत्रं एकटं सुटून आलं की साखळी मागनं फरपटत येती का न्हाय? तशी न्हवती ती. जमिनीला लागतच न्हवती. वर ताठ हुती. आण्णा धरायचं तशी."

मी घरी कसा आलो मला माहीत नाही. दारामागचा रेनकोट उचलला. खिळा रिकामा होता. स्मिताला विचारलं, तिने साखळीला हात लावला नव्हता. त्या दिवशी दवाखान्यातून परत आलो तेव्हा कुलूप जसं लावलं तसंच होतं, किल्ली तिच्याकडे. मी बसून खूप डोकं चालवलं. साखळी आधीच कोणी नेली असेल, अर्ध्या कानाचं दुसरं कुत्रं असेल, मामांना भास झाला असेल... एकेक गोष्ट कशीबशी पटवून घेता येते. पण तो खळ्ळ आवाज मी माझ्या कानाने ऐकलाय, आणि त्यानंतर रेघेने मारलेली उडी माझ्या डोळ्यांनी बघितलीय. याला कुठलं मीटर लावू? इथे कोणाकडे उत्तर असेल तर सांगा, पण मला नाही वाटत.

स्मिता म्हणते, आण्णा न्यायला आले होते, तुम्ही हाक मारलीत म्हणून त्यांनी साखळी हातातून सोडली. मी तिला गप्प बस म्हणतो. पण खरं सांगू, भीती मला आण्णांची वाटत नाही. भीती याची वाटते, की सरपंच म्हातारा आहे, आणि ते पुन्हा येणार आहेत.

साखळी मी नदीत टाकायला निघालो होतो. अर्ध्या वाटेतून परत फिरलो. आता ती त्याच खिळ्याला आहे, रेनकोट मी दुसरीकडे टांगतो. रोज सकाळी उठलो की आधी तिथे बघतो, आणि ती दिसली की मग चहा. सरपंच हल्ली तिच्याखालीच झोपतो. कधी कधी, ती हललेली नसते की वाजलेली नसते, तरी हा झोपेतून मान वर करून दाराकडे बघतो आणि शेपूट हलवतो. मी त्याला उठवत नाही.

दाराची आतली कडी मी हल्ली लावत नाही. यायचं त्यांना यावं. आणि पुढच्या वेळी मी हाक मारणार नाही.