लाकूड रुळतंय

मंगळवार, ४ जून. जाऊ दुपारी इस्पितळातून घरी आली. गुडघ्याचे टाके सुकले आहेत. दोन माणसांनी खुर्चीत बसवून वर आणलं, कारण आमच्या जिन्याला कठडा नाही. कठड्याचं लाकूड बैठकीत आडवं पडलं आहे.

हे लाकूड माझ्या धाकट्या दिरांचं. ऑपरेशन ठरलं त्याच दिवशी त्यांनी जाहीर केलं की बायकोसाठी कठडा आपण स्वतः करणार, सुतार बोलवायचा नाही. लाकूड आलं. तेव्हापासून आम्ही ते ओलांडून चालतो आहोत.

"बाहेरून आलेलं लाकूड घरातल्या हवेला रुळावं लागतं, वहिनी. घाई केली की वाकतं."

"लाकूड आहे की नवी सून?"

"तुम्हाला त्यातलं कळायचं नाही."

खरंच कळत नाही. भावोजींना कळतं. जन्मभर त्यांना नुसतं कळतच आलं आहे. विमा कचेरीत फायली लावता लावता ते पोहायला शिकले, म्हणजे पोहण्यावरची पुस्तकं वाचली. पाण्याशी त्यांचा संबंध अजून बादली-तांब्यापुरताच. मग मधमाश्या पाळायचं ठरलं. वर्षभर जेवताना आम्ही राणीमाशीच्या सवयी ऐकल्या. पेटी काही घरात आली नाही, तेवढी देवाची कृपा. पोहता येतं का, असं कुणी विचारलं की म्हणतात, "तत्त्वतः येतं." माझे यजमान होते तेव्हा धाकट्या भावाला त्याच नावाने हाक मारायचे. "तत्त्वतः, जेवायला चल!" भावोजींना तो गौरव वाटायचा.

निवृत्तीनंतर सुतारकाम हे ध्येय ठरलं. ते कागदावर लिहून भिंतीवर लावलं आहे. अक्षर सुरेख आहे. करवत, रंधा, पटाश्या आल्या. त्यांना रोज धार लावली जाते. त्या धारेने आजवर काही कापलं गेलं असेल तर ते भावोजींचं बोट.

एरवी मी हे सगळं हसण्यावारी नेलं असतं. पण जावेचं शिवणाचं दुकान आमच्याच तळमजल्यावर आहे आणि शाळेच्या गणवेशांचं काम दरवर्षी तिच्याकडे येतं. मुख्याध्यापिका गुरुवारी सकाळी कापड घेऊन येणार होत्या. निरोप स्पष्ट होता: दुकान बंद दिसलं तर काम समोरच्या शिंप्याला. शटर मीही उघडलं असतं, पण शिवणातलं मला ओ की ठो कळत नाही.

"अहो, निदान एक दांडा तरी ठोका," जाऊ बुधवारी म्हणाली. "मी धरून उतरेन."

"तात्पुरतं काम मी करत नाही."

"कायमचं कधी केलंत?"

यावर ते धार लावायला गेले.

गुरुवारी सकाळी जाऊ काठी टेकत जिन्याच्या तोंडाशी गेली आणि सरळ वरच्या पायरीवर बसली.

"ताई, तुम्ही पुढे व्हा. माझा पाय धरा. वाकवू नका."

मी उलटी उतरत होते, दोन्ही हातांत तिची टाच. ती हातांवर जोर देऊन बूड उचलायची आणि खालच्या पायरीवर टेकवायची. कपाळावर घाम होता. ओठ दाताखाली. अर्ध्यावर आलो तेव्हा वरून आवाज आला.

"थांब! पद्धत चुकतेय. उतरताना आधी दुखरा पाय, मग चांगला. पुस्तकात स्पष्ट—"

"पुस्तकाला म्हणावं, तू उतर."

"अगं, पडशील!"

"पडले तर खालीच पडेन ना? तिकडेच चालले आहे."

मला हसू आलं आणि टाच सुटता सुटता राहिली.

मुख्याध्यापिका आल्या तेव्हा जाऊ यंत्रामागे बसलेली होती. कापड तिने बोटांत चोळलं. "बाई, हे गेल्या वर्षीपेक्षा पातळ आहे. आटेल. आधी भिजवून घेते, मग बेतते."

"तुम्ही खाली आलात कशा?"

"बसून."

बाईंनी गठ्ठे आत ठेवायला सांगितलं. काम आमच्याकडेच राहिलं.

बाई गेल्यावर भावोजी खाली आले, दोन्ही धडधाकट पायांनी. दुकान न्याहाळलं आणि म्हणाले, "कठडा असता तर सोपं गेलं असतं, नाही?"

जावेने मान वर केली नाही. सुईत दोरा ओवत मला म्हणाली, "ताई, हातगाडीवाला दिसला तर थांबवा. त्याच्याकडून माझा पलंग मागच्या खोलीत आणवून घेऊ."

"मग कठडा?" भावोजी.

"करा की. तुमच्यासाठी करा. मला आता वर जायचं नाही."

ते वर गेले. मी हातगाडीवाल्याला शोधायला बाहेर पडले.

संध्याकाळी रोजनिशीत लिहिलं: गुरुवार, ६ जून. जावेचा पलंग दुकानामागच्या खोलीत लावला. शेगडी, पाण्याचं पिंप आणि दोन ताटं, तिचं आणि माझं, खाली आणली.